परतीचा शिधा

मंगळावर ‘थ्री फोर्क्स’ नावाच्या सपाट जागी धातूच्या दहा नळ्या पडून आहेत. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने जेझेरो विवराच्या परिसरात खडक कोरून, माती उचलून त्या भरल्या आणि डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात एकेक करून जमिनीवर ठेवल्या. आणखी नळ्या गाडीच्या पोटात आहेत. सगळा माल पृथ्वीवर आणला तरी तो भरेल जेमतेम अर्धा किलो. एप्रिल २०२४ मध्ये नासानेच जाहीर केले की, ठरल्या मार्गाने हा अर्धा किलो आणायला ११ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराने नव्वद हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च येईल आणि माल हाती पडायला २०४० साल उजाडेल. एवढा पैसा आणि एवढा वेळ परवडणार नाही, कुणाला दुसरी वाट सुचत असेल तर सांगा, असे आवाहनही तिने त्याच वेळी केले.

माणूस मंगळावर कधी जाणार, असे विचारणाऱ्याने हा हिशेब आधी समोर ठेवावा. मंगळावर यान पोचवणे जगाला जमले आहे, आपल्यालाही जमले आहे. पण मंगळाच्या जमिनीवरून सुटून पृथ्वीकडे परतलेले रॉकेट आजवर एकही नाही. चार माणसांना तिथे नेऊन, दीड वर्ष जगवून, धडधाकट परत आणायचे तर जाण्याच्या सामानात परतीचा शिधा धरावा लागतो, आणि सगळा खर्च त्या शिध्यापाशी फुगतो. तंत्र आणि पैसा हे मंगळाचे दोन वेगवेगळे प्रश्न समजले जातात. या संग्रहातले लेख वाचताना ते एकच असल्याचे ध्यानात येईल. प्रत्येक किलो वजनाला किंमत आहे, आणि ती किंमत बरीच वर्षे, न चुकता कोणीतरी भरावी लागते.

असे पुस्तक मानोऱ्यातून निघावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्हाला ते तितकेसे वाटत नाही. वाशीम जिल्ह्यातली आमची काळी जमीन ज्या दगडातून झाली तो बसाल्ट. मंगळाच्या पृष्ठभागाचा मोठा भागही बसाल्टचाच आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. बसाल्टमध्ये आघाताने झालेली आणि चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर दुर्मीळ आहेत, म्हणून मंगळाच्या अभ्यासकांचे पाय लोणारला लागतात. तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ती प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच तयार होते, त्यामुळे १९७० च्या दशकात हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे असल्याचे पक्के झाले. हीच काच पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमधल्या शेरघाटी इथे १८६५ साली पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे हे पुढे शंभरेक वर्षांनी उमगले. मंगळाचा तुकडा भारतात आला आहे. त्याचे भाडे तेवढे कोणाला द्यावे लागले नाही.

दुसरे कारण पोहरादेवीचे. मानोरा तालुक्यातले हे गाव बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. रेल्वे येण्यापूर्वी देशभर धान्य आणि मीठ हलवणारे, मोठमोठ्या फौजांना रसद पुरवणारे तांडे याच समाजाचे. त्यांच्या व्यवहाराचे मर्म असे, की बैलाच्या पाठीवर धान्याच्या गोण्या असत, चारा नसे. चारा आणि पाणी वाटेवर मिळे, म्हणून तांड्याची वाट कुरणे आणि पाणवठे बघून ठरे. बैलाला स्वतःचा चाराही वाहायला लावला असता तर दूरच्या मुक्कामी पोचेपर्यंत पाठीवर विकायला काही उरले नसते. रॉकेटची अडचण नेमकी हीच. ते स्वतःचा चारा स्वतः वाहते, आणि तो चारा वाहण्यासाठी आणखी चारा वाहते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडालेल्या मंगळयानाचे वजन १,३३७ किलो होते. त्यातले ८५२ किलो इंधन, आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप ती पाच उपकरणे मिळून साधारण १५ किलो. मंगळमोहिमांचा सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे हा चारा कुठे, कसा आणि कोणाच्या खर्चाने मिळवायचा, यावरचा वाद आहे.

त्या वादाची सुरुवात रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउनपासून धरतात. त्याने १९४८ साली लिहिलेला मंगळप्रकल्प १९५२ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. दहा जहाजे, सत्तर माणसे, आणि पृथ्वीभोवती ही जहाजे जोडायला सामान वाहणारी साडेनऊशे उड्डाणे असा तो बेत होता. त्यात स्वप्नरंजन कमी आणि आकडेमोड जास्त, म्हणून आजही अभियंते तो आदराने उघडतात. त्याची एक मोठी अडचण पुढे उघड झाली. फॉन ब्राउनची माणसे पंख असलेल्या विमानांतून मंगळावर उतरणार होती. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेले आणि तिथली हवा फॉन ब्राउनच्या अंदाजापेक्षा फार विरळ निघाली. पंखांना धरायला काही नव्हते.

चंद्रावर माणूस उतरला त्याच १९६९ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या समितीने पुढचे पाऊल म्हणून मंगळ सुचवला. निक्सन सरकारने तो बाजूला ठेवून १९७२ मध्ये स्पेस शटल पत्करले. २० जुलै १९८९ रोजी थोरल्या बुश यांनी पुन्हा चंद्र आणि मंगळाची घोषणा केली. नासाने नव्वद दिवसांत अहवाल दिला, खर्चाचा अंदाज ५०० अब्ज डॉलरच्या आसपास गेला आणि अमेरिकी काँग्रेसने पैसे दिले नाहीत. २००४ साली धाकट्या बुश यांनी आखलेला चंद्र-मंगळाचा कार्यक्रम २०१० मध्ये रद्द झाला. प्रत्येक वेळी तंत्रज्ञ कामाला लागले, आणि प्रत्येक वेळी तिजोरी त्यांच्याआधी थकली.

१९८९ च्या अपयशातून एक नवा विचार मात्र निघाला. रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या अभियंत्यांनी १९९० च्या सुमारास ‘मार्स डायरेक्ट’ ही योजना मांडली. तिचे म्हणणे साधे होते. परतीचे यान माणसांच्या आधी, रिकाम्या टाकीने पाठवा. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. सोबत नेलेल्या थोड्या हायड्रोजनच्या मदतीने त्यातून मिथेन आणि ऑक्सिजन तयार करा. टाकी भरल्याचा निरोप आला की मगच माणसे निघतील. थोडक्यात, चारा वाटेवर मिळवायचा. नासाने पुढे आखलेल्या योजनांत हा विचार मुरला. २००९ च्या तिच्या आराखड्यात सहा प्रवासी होते, सामानाची याने सव्वीस महिने आधी जाणार होती आणि वर चढण्यासाठी लागणारा ऑक्सिजन मंगळावरच तयार व्हायचा होता. अणुऊर्जेवर चालणारी इंजिने धरूनही पृथ्वीच्या कक्षेत एकूण साडेआठशे टनांच्या आसपास वजन जमवावे लागणार होते, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या जवळपास दुप्पट.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने पाच पंथ दिसतात. एक सगळे सोबत नेऊ म्हणणाऱ्यांचा, भव्य आणि महागडा. दुसरा तिथल्या हवा-पाण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचा. तिसऱ्याला आधी चंद्रावर सराव करायचा आहे, किंवा मंगळाच्या कक्षेत जाऊन, फोबोस चंद्राला भेट देऊन, न उतरताच परतायचे आहे. चौथा वसाहतवाल्यांचा. परतीचा प्रश्न आत्ता कशाला, तिथे राहायलाच जाऊ, अशी त्यांची धारणा. एलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये मेक्सिकोत आपली योजना मांडली तेव्हापासून या पंथाला मोठे भांडवल मिळाले. पाचवा पंथ म्हणतो की माणसे पाठवूच नका, यंत्रे पुरेशी आहेत. या पाचही बाजूंचे समर्थक इथे लिहिते झाले आहेत, आणि त्यांना एका सुरात आणायचा प्रयत्न आम्ही केलेला नाही.

नवख्या वाचकाला अडचणींचा नकाशा आधी हाती असावा, म्हणून तो इथे थोडा सविस्तर देतो.

पहिली गोष्ट पंचांगाची. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा. कमी इंधनात जायचे तर प्रवासाला सहा ते नऊ महिने, मग परतीचा मुहूर्त लागेपर्यंत दीडेक वर्ष मंगळावर मुक्काम, आणि पुन्हा तेवढाच प्रवास. एकूण अडीच-तीन वर्षे. मुक्काम महिनाभराचा करून लवकर परतता येते, पण त्याला इंधन कितीतरी जास्त लागते. मध्येच कोणी आजारी पडले तर मागे फिरायची सोय नाही. हाक मारली तर ती पृथ्वीवर पोचायला ग्रहांच्या जागांप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे, आणि उत्तराला तेवढीच आणखी. वैद्य, दुरुस्ती, निर्णय सारे यानातच असावे लागते.

दुसरी अडचण उतरण्याची. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. यानाला जाळण्याइतकी ती हवा आहे, थांबवण्याइतकी नाही. पर्सिव्हिअरन्स ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने आत शिरली आणि सात मिनिटांत उष्णतारोधक कवच, साडेएकवीस मीटरचे पॅराशूट आणि शेवटी रॉकेटचा झोत अशी साखळी करून उतरली. तिचे वजन जेमतेम एक टन होते. माणसांच्या यानाला वीस टनांहून जास्त वजन उतरवावे लागेल, आणि पॅराशूट त्या प्रमाणात मोठे करत नेता येत नाही. म्हणून फुगवता येणारी कवचे (त्यातले सहा मीटरचे एक नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात तपासले गेले) आणि ध्वनीपेक्षा जास्त वेगात असतानाच रॉकेट उलटे पेटवणे, या दोन उपायांवर अभियंत्यांची नजर आहे.

तिसरी अडचण देहाची. क्युरिऑसिटी गाडीसोबत गेलेल्या उपकरणाने वाटेवरचा किरणोत्सार मोजला. जाण्यायेण्याच्या वर्षभराच्या प्रवासात ६६० मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळेल असे त्यातून निघाले. मंगळावरचा मुक्काम धरला तर बेरीज हजाराजवळ जाते. नासाने आपल्या अंतराळवीरांना साऱ्या कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० ची आहे. जाड भिंत करावी तर वजन वाढते. लवकर पोचावे तर इंधन वाढते. शिवाय भार नाहीसा झाला की नितंबाची हाडे व्यायामाविना महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतात, डोळ्यांवर परिणाम होतो. अंतराळवीर व्हालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस अंतराळात राहून आपल्या पायांनी चालत बाहेर आले, हा दिलासा. मनाची परीक्षा जमिनीवरही झाली आहे. २०१०-११ मध्ये मॉस्कोत सहा पुरुष ५२० दिवस एका बंद नकली यानात राहिले. तारखा, पगार आणि बाहेर पडायचा दरवाजा त्यांच्या ओळखीचा होता, एवढे ध्यानात ठेवायचे.

चौथी अडचण परतीची, आणि या पुस्तकाचा मध्य तोच आहे. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी नावाच्या पेटीने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. दुसऱ्या ग्रहावर प्रथमच असे घडले. २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालून तिने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन दिला. नासाच्याच अंदाजानुसार चार माणसांना मंगळावरून उचलायला सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल. त्याच चौघांना वर्षभर श्वास घ्यायला मात्र एक टन पुरेल. श्वासापेक्षा परतीचे ओझे पंचवीसपट आहे. ते तिथेच तयार करायचे तर रात्रंदिवस वीज हवी. २०१८ च्या धुळीच्या वादळाने सौरऊर्जेवरची ऑपॉर्च्युनिटी गाडी कायमची बंद पाडली, त्यामुळे छोट्या अणुभट्टीचा विचार टळत नाही. ती न्यायची तर पुन्हा वजन, परवाने आणि पैसा.

आता पैशाकडे. अपोलो चांद्रमोहिमांच्या ऐन भरात अमेरिका आपल्या केंद्रीय खर्चाचे चार टक्क्यांहून जास्त नासावर खर्च करत होती. आज तो वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तशी ओढ पुन्हा लागेल असे मानून आखलेली प्रत्येक योजना फसली. राहिला प्रश्न स्वस्ताईचा. जुन्या पद्धतीच्या सरकारी कंत्राटात होईल तो खर्च अधिक नफा मिळतो. त्या वाटेने झालेल्या एसएलएस रॉकेट आणि ओरायन यानाच्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर असल्याचे नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितले. ठरलेल्या रकमेच्या कंत्राटांनी आणि पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटांनी हा भाव पाडला, हे खरे. पण स्वस्त झाली ती उचलण्याची मजुरी. रॉकेटला उपग्रहांची गिऱ्हाइके मिळतात म्हणून त्याचा भाव उतरतो. मंगळावर वीस टन उतरवणाऱ्या यानाला, तीन वर्षे न बिघडणाऱ्या हवा-पाण्याच्या यंत्रणेला दुसरे गिऱ्हाईक कोण? तिथे बाजार मदतीला येत नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या मार्स वनने परतीचे तिकीट नसलेली वसाहत दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर उभारायचे ठरवले. जगभरातून अर्ज आले, निवडलेल्या शंभरांत भारतीयही होते. २०१९ च्या जानेवारीत त्या कंपनीचे दिवाळे वाजले.

मग मंगळयान ४५० कोटींत कसे गेले, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. उत्तर अभिमानाचे आहे आणि सावध करणारेही. यान लहान होते, प्रक्षेपक हातातला पीएसएलव्ही होता, उपकरणे मोजकी होती. मोठे रॉकेट भरवशाचे नव्हते म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या घेत, कक्षा वाढवत ते निघाले, आणि जवळपास तीनशे दिवस निजलेले मुख्य इंजिन २४ सप्टेंबर २०१४ रोजी पुन्हा पेटले. वालचंदनगर आणि विक्रोळीच्या कारखान्यांत घडणारे रॉकेटचे भाग, वसंत गोवारीकरांच्या पिढीने उभे केलेले घन इंधनाचे शास्त्र अशी मराठी मुलुखाची पुंजीही पीएसएलव्हीच्या घडणीत आहे. पण मंगळयानाला उतरायचे नव्हते, श्वास घ्यायचा नव्हता आणि परतायचे नव्हते. माणूस आला की आकडे कसे बदलतात ते गगनयानात बघा. पृथ्वीपासून चारशे किलोमीटरवर तीन दिवस माणसे नेऊन आणायच्या या कार्यक्रमाला २०१८ मध्ये सुमारे दहा हजार कोटी मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय स्थानकाचा पहिला भाग त्यात घेऊन व्याप्ती वाढवली, तेव्हा ती रक्कम २०,१९३ कोटी झाली.

वाशीम हा केंद्राच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. सोयाबीन-तुरीच्या भावाची चिंता असलेल्या इथल्या माणसाने मंगळाचा खर्च का सोसावा, हा प्रश्न आम्ही पाहुण्यासारखा दारात उभा केलेला नाही; तो घरातलाच आहे. मंगळयानाचा खर्च माणशी चार रुपयांहून कमी पडला, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण माणसांच्या मोहिमेतून पाणी शुद्ध करायची युक्ती किंवा नवे औषध मिळेल, ही सबब आम्हाला पटत नाही. पाणी शुद्ध करायचे असेल तर त्यासाठीच पैसे देणे स्वस्त पडते. मंगळाचे समर्थन मंगळाच्याच नावाने व्हायला हवे: तिथे कधी जीव होता का, आणि आपण पृथ्वीपलीकडे जगू शकतो का. या दोन प्रश्नांतही कुरबूर आहे. १९६७ च्या अंतराळ कराराने इतर ग्रह दूषित न करण्याचे बंधन घातले आहे. माणूस उतरला की त्याचे जंतूही उतरणार, आणि मग सापडलेला जीव मंगळाचा की आपला, हे सांगणे कठीण होणार.

हे सगळे आत्ताच समजून घ्यायचे कारण जवळचे आहे. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे देशाने जाहीर केली आहेत. नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला २०२४ मध्ये ८,२४० कोटींची मंजुरी मिळाली. २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. यापुढची पायरी कोणती, हे ठरेल तेव्हा आज मानोऱ्याच्या शाळेत बसलेली मुले मतदार, करदाते आणि त्यांतली काही अभियंते झालेली असतील. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला शास्त्राची शिस्त लावली. अंतराळाची ओढ मराठी वाचकाला आहेच. तिला जमाखर्चाची जोड द्यावी, एवढाच या संग्रहाचा हेतू.

त्यामुळे इथे मोहिमांची जंत्री नाही आणि तारखांची भाकितेही नाहीत. प्रत्येक लेखकाला आम्ही एकच अट घातली होती: जे सुचवाल त्याचे वजन, त्याचा वेळ आणि त्याचा धनी सांगा. काहींना ते जमले, काहींनी जमत नसल्याचे मोकळेपणाने लिहिले. गणिताची भीती असणाऱ्यानेही बिचकू नये. शाळेतल्या बेरीज-गुणाकारापलीकडचे आम्ही शक्यतो टाळले आहे. पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असेही नाही. देहाची काळजी असणाऱ्याने तिथून सुरुवात करावी, पैशाची असणाऱ्याने तिथून.

वाचून झाल्यावर मंगळाची पुढची घोषणा ऐकाल तेव्हा कोणी तारीख सांगितली तर वजन विचारा. वजन सांगितले तर परतीचे इंधन कुठून येणार ते विचारा. तेही सांगितले तर पुढच्या पाच मुहूर्तांचे, म्हणजे अकरा वर्षांचे पैसे कोणाच्या अंदाजपत्रकात धरले आहेत ते विचारा. तिन्हींची उत्तरे देणारा कोणी भेटला तर त्याचे म्हणणे बसून ऐकण्यासारखे आहे.

— संपादक
मानोरा, जि. वाशीम